उलट्या उताराची सुरी

१

दगड आधी पाण्यात बुडवायचा. बुडबुडे यायचे थांबले की समजायचं, त्याचं पोट भरलं. मग ओलं फडकं, फडक्यावर दगड, दगडावर पातं, पात्यावर दोन बोटं, आणि पुढे-मागे, पुढे-मागे. सुरुवातीला आवाज खर्र-खर्र येतो, कोणीतरी घसा साफ करत असल्यासारखा. मग तो बारीक होत जातो. शेवटी नुसता श्वास उरतो. त्या श्वासापर्यंत पोचलो की माझ्या मानेवरचे केस उभे राहतात. पातं तयार झालं हे आधी माझ्या मानेला कळतं, मग बोटाला.

कॉलेजात मला असं एकदाही झालं नाही. म्हणून सोडलं. बाबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "तिथे दिवे लावलेस, आता सुऱ्यांना धारा लावत बस."

त्यांना वाटलं, टोमणा मारला. मी म्हटलं, "लावतो की," आणि स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली ताब्यात घेतली. जुने पंखे, मोडके स्टूल, कोणीच न टाकलेल्या गाद्या, सगळं एका भिंतीला रेटलं. खिडकीपाशी फळी ठोकली. महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या बायका कात्र्या आणि विळ्या घेऊन यायला लागल्या. बाबा त्यांच्यासमोर हसून बोलायचे आणि त्या गेल्या की माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मी रस्त्यावर हात पसरून बसलोय.

घरातल्या मोठ्यांपैकी फक्त आत्याने मला कधी शहाणपण शिकवलं नाही. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी ती म्हणाली होती, "बरं केलंस, कार्ट्या. बसून बसून तुझं बूड चपटं व्हायला लागलं होतं." जन्मभर ती पुस्तकं बांधत आली. आधी अण्णांच्या दुकानात, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आणि ते गेल्यावर एकटीने. लग्न केलं नाही. मग यंदा एका सकाळी तिचं उजवं अंग गेलं. पाय गेला, हात गेला, बोलणंही बहुतेक गेलं. आता ती बैठकीच्या खोलीत अण्णांच्या लाकडी खुर्चीत बसून असते, आणि आई तिला चमच्याने भरवते.

आणि रविवारी वृद्धांना सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या बाई तिला बघायला येणार होत्या. न्यायचं की नाही, ते ठरवायला.

"स्वतःच्या हाताने जेवता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती," बाबा म्हणाले. आईचं मी समजू शकतो. तिची पाठ मोडलीय. बाबांचं काय मोडलंय? ते फक्त निर्णय घेतात आणि मग दुःखी चेहरा करून पेपर वाचतात.

"डावा हात आहे की तिला," मी म्हटलं.

बाबांनी पेपरचं पान उलटलं. "तो नाही चालत," म्हणाले.

२

सुरी मला आत्याच्या पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात मिळाली. झाकण उघडलं तर वाळलेल्या खळीचा वास आला. आत चामड्याचे तुकडे, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी, दोऱ्याची रिळं, आणि तळाशी कापडात गुंडाळलेली सुरी. कापडावरून एक सुती पट्टी आवळून बांधलेली. पुस्तकांची पाठ शिवायला वापरतात तसली, बोटभर रुंद, पिवळी पडलेली. गाठ इतकी घट्ट होती की ती सोडवायला मला दात लावावे लागले.

ही अण्णांची सुरी. भिंतीवरच्या फोटोत त्यांनी जी उजव्या हातात धरलीय तीच. आत्या तिला कोणाला हात लावू द्यायची नाही. पातं गंजून तपकिरी झालं होतं, पण गंजाखाली पोलाद शाबूत होतं. मी नखाने वाजवलं आणि ते घंटेसारखं बोललं. माझ्या डोक्यात लगेच चित्र तयार झालं: ही सुरी मी आरशासारखी करणार, आत्याच्या हातात देणार, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलणार. हात हलेल असं म्हणत नाही. पण काहीतरी. रविवारच्या आत.

चामड्याची कड तासून कागदासारखी पातळ करायची ही सुरी. तिची एक बाजू अगदी सपाट असते आणि उतार फक्त दुसऱ्या बाजूला. उजव्या हाताच्या माणसाच्या सुरीला उतार एका अंगाला, डावखुऱ्याच्या सुरीला दुसऱ्या, आरशात दिसावा तसा. एकाची सुरी दुसऱ्याने वापरली तर चामडं फाटतं.

ह्या सुरीचा उतार उलटा होता.

फोटोत बघितलं. उजवा हात. बाबांना विचारलं, "अण्णा डावखुरे होते?"

"अण्णा? त्यांना डावखुरा माणूस नजरेसमोर चालायचा नाही," बाबा म्हणाले. "हे काय खूळ काढलंस?"

म्हणजे कोणा गाढवाने मधल्या काळात धार लावताना सुरीची वाट लावली. मला दुसरं काय सुचणार? मी ठरवलं, ती सरळ करायची. आधी फळीवर पेन्सिलने पात्याची कड आखून घेतली. मग सगळ्यात खरखरीत दगड काढला आणि भिडलो. जुना उतार पूर्ण घासून काढायचा आणि उलट बाजूला नवा पाडायचा म्हणजे गंमत नाही. बोटांची सालं गेली. राखाडी चिखल कोपरापर्यंत उडाला. संध्याकाळी पातं पेन्सिलच्या रेघेवर ठेवलं तर आत सरकलं होतं, चांगलं करंगळीच्या नखाएवढं. पण उतार बरोबर बाजूला होता. मी एकटाच खोलीत मूठ उगारून ओरडलो.

३

दुसऱ्या दिवशी जेवून खोलीत गेलो. सुरी फळीवर होती. उतार उलटा होता.

मी पहिल्यांदा हसलो. म्हटलं, लेका, रात्रभर झोपला नाहीस, आता उजवं-डावं कळेना झालंय. सुरी उलटी केली. सुलटी केली. स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघितले, पहिलीतल्या पोरासारखे. उतार उलटाच.

ठीक आहे. कोणीतरी आलं आणि घासलं. कोण? बाबांना स्क्रू पिळता येत नाही. आई दमून झोपली होती. आणि समजा आलं कोणी, तरी मग पातं आणखी आत जायला हवं. लोखंड काही उगवत नाही. मी पातं पेन्सिलच्या रेघेवर ठेवलं.

ते रेघेला तंतोतंत लागून बसलं. नखाएवढं गेलेलं सगळं परत आलं होतं.

मी ती रेघ बोटाने पुसली आणि पुन्हा आखली. का, ते विचारू नका. माझ्याकडे तेवढंच करण्यासारखं होतं. मग दगडाकडे लक्ष गेलं. मी दगड नेहमी धुऊन, उभा करून ठेवतो. तो आडवा होता. वरचा चिखल अजून ओला होता, आणि त्यात अंगठ्याचा एक ठसा उमटलेला होता. मी माझा अंगठा त्याच्या शेजारी ठेवला.

माझ्या अंगठ्याच्या निम्मा होता तो.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच सोडायचं. पण मला भीती कमी वाटत होती आणि चेव जास्त चढला होता. मला पुन्हा बसून घासायचं होतं, आत्ताच्या आत्ता. आणि मी तेच केलं. उतार पुन्हा सरळ केला. सुरी फळीवर ठेवली, दाराला बाहेरून कडी लावली आणि स्वयंपाकघरात चहा टाकला.

चहाला उकळी आली आणि आतून आवाज सुरू झाला.

खर्र. खर्र. खर्र. माझे फेरे लांब असतात, दगडाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे आखूड होते. ज्याचा हात फार लांब पोचत नाही त्याचे. चुकत नव्हते मात्र. एका लयीत, मन लावून, धडा गिरवावा तसे. चहा उतू गेला. मी कडी काढून दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. भर दुपार, खिडकीतून स्वच्छ ऊन आलेलं. बादलीतलं पाणी डुचमळत होतं, आणि त्याची तिरीप छतावर हलत होती.

मागून बैठकीच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. शब्द नव्हता. दम लागल्यावर माणूस श्वास सोडतो, तसा.

४

शुक्रवारी व्यायामवाली आली. ती आठवड्यातून एकदा येऊन आत्याचे हातपाय हलवून जाते. धिप्पाड, बडबडी बाई. मला आवडते, कारण ती बाबांना अजिबात भाव देत नाही.

"उजव्याचं मी समजू शकते," ती म्हणाली. "पण हा डावा एकदम ठणठणीत आहे हो. ह्या वापरत का नाहीत? मूठ बघा कशी आवळलीय." तिने आत्याची डावी मूठ फिरवून बघितली. "आणि नखांत ही कसली घाण? सिमेंटमध्ये हात घातलात काय, मावशी?"

मी वाकून बघितलं. पाचही नखांत राखाडी चिखल होता.

आत्या कोणाकडेच बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, अण्णांच्या फोटोकडे.

व्यायामवाली गेल्यावर मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. "डावा हात का चालत नाही?"

"नाही चालत म्हटलं ना."

"डॉक्टर म्हणतात चालतो. ही बाई म्हणते चालतो. तुम्हीच का म्हणता नाही चालत?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खोटं बोलायचं असलं की ते चष्मा पुसतात. पण ह्या वेळी खरं बोलले, आणि ते जास्त वाईट होतं.

"ताई लहानपणी डावखुरी होती," ते म्हणाले. "अण्णांनी मोडून काढलं. दुकानात, जेवताना, अभ्यासाला बसली की डावा हात खुर्चीला बांधायचे. त्या वेळी असंच होतं. सगळ्याच घरांत. तिच्या भल्यासाठीच."

"कशाने बांधायचे?"

"असायची एक पट्टी. पुस्तकांच्या पाठी शिवायची."

"आणि तिने बांधून घेतलं?"

"पहिल्यांदा नाही. अण्णांनी पट्टी सोडून पाठ फिरवली की दुकानात चोरून डाव्या हाताने करायची. सुरीसुद्धा दगडावर घासून फिरवून ठेवायची, आपल्या हाताला येईल अशी. आठ-नऊ वर्षांची पोर, पण काय तासायची!" बाबा चक्क हसले. "मग अण्णा पुन्हा सरळ करायचे. सकाळी अण्णांनी, दुपारी तिने. खूप दिवस चाललं होतं ते. शेवटी सुटली सवय."

"गाठ कोण मारायचं?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"बाबा, गाठ कोण मारायचं?"

"अरे, मी सहा वर्षांचा होतो! अण्णा म्हणायचे, नीट मार, सुटली तर तुला बघतो. माझी गाठ कधी सुटली नाही." हे शेवटचं वाक्य ते ज्या सुरात बोलले ना, त्या सुरात थोडा अभिमान होता. शप्पथ सांगतो, होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बैठकीच्या खोलीत जाऊन आत्याच्या खुर्चीमागे गुडघ्यावर बसलो. डाव्या बाजूच्या दांडीवर एक खाच होती, बोटभर रुंद. घासून घासून गुळगुळीत झालेली. ह्याच खुर्चीत आपण तिला रोज सकाळी उचलून बसवत होतो. आणि मी, मी सगळ्यांवर थुंकत फिरणारा, दोनदा तिची सुरी सरळ करून बसलो होतो. अण्णांसारखी.

खोलीत गेलो. सुरीचा उतार उलटा झालेला होताच. ह्या वेळी मी तो तसाच ठेवला. सगळ्यात बारीक दगड काढला आणि उलट्या उतारालाच शेवटची धार दिली. श्वासापर्यंत. असली धार मी आयुष्यात लावली नव्हती. मग ती पिवळी पट्टी फळीवर ताणली आणि धार तपासायला तिचेच तुकडे केले. एक, अजून एक, अजून एक. सुरी पट्टीतून जाताना जाणवतसुद्धा नव्हतं. तुकडे कचऱ्यात टाकले आणि इतकं बरं वाटलं, इतकं, की मला गाणं म्हणावंसं वाटलं.

५

शनिवारी दुपारी मी आत्याच्या मांडीवर पाट ठेवला. पाटावर डब्यातला चामड्याचा तुकडा आणि सुरी.

"आत्या, बघ. तुझी आहे. तुझ्या हाताला येईल अशी केलीय."

तिचे डोळे सुरीवर गेले आणि तिथेच राहिले. मी तिची डावी मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उलगडलं. करंगळी. अनामिका. आतला तळवा बघून मी थांबलो. बाहेरून हात म्हाताऱ्या बाईचा होता, शिरा आलेला, डाग पडलेला. तळवा गुलाबी होता. मऊ, कोवळा. रेषासुद्धा नीट उमटलेल्या नव्हत्या. म्हटलं, वापरला नाही ना कधी. म्हणून असेल.

पाचवं बोट मला उलगडावं लागलं नाही.

हात पाटावर उतरला. थोडा वेळ नुसता पडून राहिला. मग त्याने चामडं अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरलं आणि कडेकडेने चाचपत नेलं, हळूहळू. बाइंडर असंच करतात. चामडं कुठे जाड आहे, कुठे पातळ आहे, कुठे सुरीला दाबायचं आणि कुठे सोडायचं, हे बोटांना आधी कळायला लागतं. मग त्याने सुरी उचलली.

काय सांगू तुम्हाला! एक झटका, आणि चामड्याची साल निघाली. अखंड, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आणि गोल वळून पाटावर पडली. पुन्हा एक. पुन्हा एक. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी ओरडलो, "आई! बाबा! इकडे या! हात चालतोय! आत्याचा हात चालतोय!"

आणि मग मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

डोळे गच्च मिटलेले होते. मान उजवीकडे वळवलेली होती, जेवढी वळेल तेवढी, इंजेक्शन घेताना पोरं वळवतात तशी. ती हाताकडे बघत नव्हती. हात तिला काही विचारत नव्हता.

"बांध," आत्या म्हणाली.

अर्धांगाचा झटका आल्यापासूनचा तिचा पहिला स्पष्ट शब्द. मी तिचे खांदे धरले. "नाही, आत्या. आता कोणी बांधणार नाही. कोणाच्या बापाची हिंमत नाही."

"बांध," ती पुन्हा म्हणाली. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, आनंदाचं. मला वाटलं, माझ्यासारखंच.

आई-बाबा धावत आले. सुरी मी काढून घेतली आणि खोलीत ठेवली. हाताने ती सहज सोडली. थकला नव्हता. घाई नव्हती.

६

संस्थेच्या बाई रविवारी जेवायच्या वेळेला आल्या. नीटनेटक्या, हातात पिशवी, आवाजात औषध घातल्यासारखा गोडवा. आईने आत्यासमोर वाटी ठेवली. आत्याच्या डाव्या हाताने चमचा उचलला.

पहिला घास ओठांपाशी गेला. आत्याने तोंड मिटून घेतलं. हात थांबला. ओढला नाही, हलला नाही, नुसता थांबून राहिला, चमचा ओठांना टेकवून. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी जरा रेंगाळतेय. मी शेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं, चमचा किती दाबला होता ते. ओठ पांढरे झाले. मग तोंड उघडलं.

दुसरा घास. तिसरा. एक शीत सांडलं नाही.

"अहो, ह्यांना आमची काय गरज?" बाई हसून म्हणाल्या. "ह्या तर तुम्हालाच भरवतील."

बाबा इतके खूश झाले की बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले. आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने पदराने डोळे पुसले. मी जिंकलो होतो. माझ्या सुरीने आत्याला घरी ठेवलं होतं. मला उड्या मारायच्या होत्या, आणि तरी माझे पाय जमिनीला चिकटले होते.

बाबा परत आले. स्टूल ओढून आत्याच्या डाव्या बाजूला बसले. "ताई, शहाणी गं माझी ती," म्हणाले. "उगाच घाबरवलंस सगळ्यांना."

हाताने चमचा खाली ठेवला. तो खुर्चीच्या हातावरून पलीकडे गेला, आणि बाबांच्या मनगटावर टेकला.

बाबांचा चेहरा एकदम लहान झाला. "बघ," ते मला म्हणाले, आवाज भरून आलेला, "बघ, माया करतेय. मनात काही ठेवलं नाही तिने."

अंगठा आणि तर्जनी. त्यांनी बाबांच्या मनगटावरची कातडी हलकेच चिमटीत धरली. सोडली. थोडं वर सरकून पुन्हा धरली. पुन्हा सोडली. मनगटापासून कोपराकडे, कडेकडेने, हळूहळू. जाड कुठे, पातळ कुठे.

"गुदगुल्या होतात, ताई," बाबा हसत म्हणाले.

आत्याची मान उजवीकडे वळलेली होती. ह्या वेळी डोळे उघडे होते आणि ते माझ्यावर होते. तिने ओठ हलवले. काय म्हणतेय ते मला ऐकायची गरज नव्हती. मी इकडेतिकडे बघितलं. काही नव्हतं. पट्टीचे तुकडे कालच कचऱ्याच्या गाडीत गेले होते. मी कमरेचा पट्टा सोडायला लागलो. बोटं चालेनात.

"हे काय रे?" बाबा म्हणाले. "पट्टा कशाला काढतोयस?"

"हात काढा, बाबा. स्टूल मागे घ्या."

"का? बसू दे की जरा बहिणीपाशी. तुला सगळ्याचाच राग."

तेवढ्यात स्वयंपाकघरामागून आवाज सुरू झाला. हात इथेच होता, माझ्या डोळ्यांसमोर, बाबांच्या कोपरापाशी पोचलेला. आणि तिकडे, अडगळीच्या खोलीत, खर्र, खर्र, आखूड फेरे, एका लयीत, मन लावून.

आई म्हणाली, "आत कोण आहे रे?"

मी पट्टा ओढत होतो. आवाज बारीक होत गेला. आणखी बारीक. मग नुसता श्वास उरला, आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

मग तोही थांबला.